पट्टा म्हणत होता, सगळं निवांत

आमच्या गल्लीत कुणीही भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला, "काय गं रूपाली, थायरॉईड कसं हाय?"

मला थायरॉईड नाही. कधी नव्हतंच. मला झाला होता पॅनिकचा आजार. म्हणजे काही कारण नसताना अचानक छाती धडधडायला लागते, हाताला मुंग्या येतात, श्वास अर्ध्यावर अडतो आणि माणसाची खात्री पटते की आपण आत्ता, ह्या मिनिटाला मरणार. मरत कुणी नाही. पण त्या मिनिटाला हे कुणी सांगून पटत नाही. थायरॉईड हे घरच्यांनी ठेवलेलं नाव, ते का ठेवलं ते पुढं येईलच.

हे लिहिताना मला अजून थोडं हसू येतं, कारण माझा धंदाच हा. मी आणि प्रसाद, कॉलेजपासूनचा माझा मित्र, आम्ही दोघं सांगलीत दोन खोल्यांच्या ऑफिसात मनगटावर बांधायचा एक पट्टा बनवतो. पोलीस भरतीची, फौजेची, स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या पोरापोरींसाठी. पट्टा नाडी बघतो, हाताला सुटलेला घाम बघतो आणि टेन्शन वाढलं की मनगटावर थरथरतो. मग मोबाईलमधलं ॲप दोन मिनिटं बसवून श्वास घ्यायला लावतं. सगळं ठीक असलं की ॲपवर हिरवा गोल येतो आणि खाली दोन शब्द, "सगळं निवांत". हे शब्द माझे. त्यावरून आमचं आठवडाभर भांडण झालं होतं. प्रसादला "आपण तणावमुक्त आहात" असं हवं होतं. मी म्हटलं, बाबा, हे वाचूनच पोरांना घाम फुटेल.

तर अशी मी. दुसऱ्याचं टेन्शन मोजणारी.

तीस पट्टे

पट्ट्याची एक खोड आधी सांगायला पाहिजे. प्रत्येकाचं शरीर वेगळं असतं. कुणाची नाडी मुळातच जलद, कुणाचे तळहात बारा महिने ओले. म्हणून पट्टा पहिले चौदा दिवस काही बोलत नाही, नुसता शिकतो, की ह्या माणसाचं नेहमीचं म्हणजे काय. पंधराव्या दिवसापासून त्या नेहमीच्यापेक्षा वेगळं काही दिसलं की मग थरथरतो. ही कल्पनाही माझीच, आणि तिचा मला फार अभिमान होता.

गेल्या वर्षी आम्ही असे तीस पट्टे साताऱ्याजवळच्या एका भरती अकॅडमीत चाचणीसाठी दिले. अकॅडमी चालवतात एक निवृत्त सुभेदार. मिशी पांढरी, शर्टाची इस्त्री कडक आणि गळ्यात कायम शिट्टी. पोरं त्यांच्या सावलीलाही घाबरतात. पहिल्याच भेटीत ते मला म्हणाले, "टेन्शन-बिन्शन काय नसतंय मॅडम. पोरं पळत न्हाईत, मग बसून इचार करत्यात. पण आनलंच हाय तर बांदा."

पट्टे बांधले. चौदा दिवस झाले आणि तीसच्या तीस मोबाईलवर हिरवे गोल. सुभेदारसाहेबांचा फोन आला, "बगा, मी काय म्हनलं व्हतं? आमची पोरं वाघ हायत!" प्रसादनं ऑफिसात पेढे वाटले, म्हणजे मला एकटीलाच, कारण तिसरं कुणी नव्हतंच. मी चार खाल्ले. गेले कित्येक महिने मला नीट झोप नव्हती, जेवण जात नव्हतं, पण माझ्याही मनगटावर आमचाच पट्टा होता आणि त्याचाही गोल हिरवाच होता.

एसटीत

त्यानंतर आठ-दहा दिवसांतली गोष्ट. सकाळी तासगावहून सांगलीला निघाले होते, रोजच्याच एसटीनं. खिडकीची जागा मिळाली होती. कवठे एकंद मागं पडलं आणि काही कळायच्या आत छातीत कुणी ढोल बडवायला लागलं. हात बधिर झाले. बसमधली हवा संपली असं वाटायला लागलं. मी मोबाईल काढला. हिरवा गोल. सगळं निवांत.

आयुष्याच्या शेवटच्या क्षणी माणसाला काय काय आठवतं म्हणतात. मला आठवलं की ह्या वाक्याचा फॉन्ट जरा मोठा पाहिजे होता.

कंडक्टरबाई धावत आल्या. "काय होतंय गं? पोटुशी हायस काय?" मी नाही म्हणून मान हलवली. मागून एक आजी म्हणाली, "पित्त हाय, लिंबू द्या तिला." कुणीतरी लिंबू दिलंसुद्धा. मग ड्रायव्हरनं जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. बुधगाव नाही, माधवनगर नाही, कुठंही न थांबता त्यानं गाडी थेट सांगलीतल्या एका दवाखान्याच्या दारात आणली. ज्यांना मधे उतरायचं होतं ती माणसंही गप्प बसून राहिली. एकानं माझी पर्स धरली होती आणि लिंबू देणारा बाप्या दारापर्यंत म्हणत होता, "काय न्हाई हुत, पोरी, काय न्हाई हुत."

टॉवेल

दवाखान्यात मी दोन दिवस होते. हृदयाच्या सगळ्या तपासण्या झाल्या. दिवसभर कुणी ना कुणी येऊन टोचायचं, दाबायचं, लिहून घ्यायचं. सहाला चहा, आठला उपमा, दहाला डॉक्टरांची फेरी. मला ते वेळापत्रक आवडलं, खोटं कशाला बोलू. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच पुढं काय करायचं ते दुसरं कुणीतरी ठरवत होतं.

त्रास एकाच गोष्टीचा होता. उशाशी मॉनिटर, आणि मी पडले त्याच धंद्यातली. मी सारखी मान वळवून आकडे बघायची. नाडी अठ्ठ्याण्णव. आकडा बघितला की भीती वाटायची आणि एकशे सहा व्हायची. एकशे सहा बघितले की एकशे पंधरा. दुसऱ्या दिवशी सिस्टरनं हे पाहिलं. कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "तुम्ही पेशंट आहात का क्रिकेटची कॉमेंट्री करताय?" आणि सरळ माझा टॉवेल घेऊन मॉनिटरवर टाकला. "आकडं बघायचं काम माझं. तुम्ही झोपा." मी चार तास झोपले. आम्ही दोघं इंजिनिअर दोन वर्षं डोकं फोडत होतो आणि आकडे झाकावेत हे आम्हाला सुचलं नव्हतं. आता आमच्या ॲपमध्ये आकडे दिसत नाहीत.

डिस्चार्जच्या वेळी डॉक्टर म्हणाले, "हृदय ठणठणीत आहे. आता एकदा मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा."

अण्णा, म्हणजे माझे वडील, माझ्या पायाशी उभे होते. आमची द्राक्षबाग आहे, बेदाण्याचं शेड आहे, अण्णांनी आयुष्यात गारपीट बघितलीय, पण इतका पडलेला चेहरा मी कधी बघितला नव्हता. त्यांनी हळूच विचारलं, "म्हंजे येड्याच्या डॉक्टरला व्हय?"

डॉक्टर समजावत होते. अण्णा मान हलवत होते. ऐकत नव्हते.

थायरॉईड

त्याच सुमाराला मला इस्लामपूरचं एक स्थळ आलेलं. मुलाकडची माणसं मला बघून गेली होती, होकार येणार असं वाटत होतं. घरी जाताना गाडीत आईनं निकाल दिला, "कुणी इचारलं तर थायरॉईड हाय म्हनायचं. ते सगळ्यांस्नी असतंय, कुणी नावं ठेवत न्हाई."

झालं. संध्याकाळपर्यंत गल्लीभर माझं थायरॉईड. दुसऱ्या दिवशी शेजारच्या सुमनकाकू तांब्या घेऊन हजर. "धन्याचं पानी हाय, रातभर भिजवल्यालं. उपाशीपोटी घ्यायचं. म्हैन्यात थायरॉईड पळतंय का न्हाई बग." मी रोज घेत होते. काय करणार? काकू समोर उभं राहून तांब्या रिकामा झालेला बघायच्या.

डॉक्टर मिरजेचे शोधले, कारण सांगलीत ओळखीचे लोक फार. अण्णांनी स्वतः गाडीतून नेलं, दवाखान्याच्या अलीकडच्या गल्लीत गाडी लावली आणि इकडंतिकडं बघत मला आत नेलं. दार उघडलं. बाकड्यावर समोरच कोण बसलेलं? सुमनकाकू.

दोघींनी एकमेकींकडं बघितलं. काकू म्हणाल्या, "मी डोळं दाखवाय आल्ते."

मी म्हटलं, "मी थायरॉईड."

डोळ्यांचा नाही, थायरॉईडचा नाही, दवाखाना भलत्याच गोष्टीचा आणि भिंतीवर ते मोठ्या अक्षरांत लिहिलेलं. आधी काकूंना हसू फुटलं, मग मला. आम्ही इतक्या हसलो की कंपाउंडर बाहेर आला. काकूंनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "चार वरसं झाली मला. गोळी चालू हाय. झोप येती आता चांगली." मग म्हणाल्या, "ते धन्याचं पानी बंद कर तू." अण्णा दाराशी उभे राहून हे सगळं ऐकत होते. त्यांनी आत येऊन काकूंना नमस्कार केला आणि आमच्याशेजारी बसले.

तुमचं नेहमीचं कसं असतं?

डॉक्टरबाई माझ्याहून फार तर दहा वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, हा बरा होतो हे दोनदा सांगितलं आणि मग सहज विचारलं, "रूपाली, हे नसतं तेव्हा तुमचं नेहमीचं कसं असतं? निवांत असता तेव्हा?"

मी खरंच आठवायचा प्रयत्न केला. शेवटचं निवांत कधी होते? वर्षापूर्वी? दोन वर्षांपूर्वी? आणि तिथं खुर्चीत बसल्या बसल्या माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

पट्ट्याचं नवीन व्हर्जन तयार झालं की मी ते आधी माझ्या हातावर बघायची. प्रत्येक वेळी "पुन्हा शिकव" हे बटण दाबायची. म्हणजे दर वेळी पट्टा कोरा व्हायचा आणि चौदा दिवस मला बघून शिकायचा. कुठली मी? न झोपलेली, न जेवलेली, घाबरलेली मी. प्रत्येक व्हर्जनला आधीपेक्षा जास्त घाबरलेली. मी माझ्याच पट्ट्याला शिकवलं होतं की भीती हेच रूपालीचं नेहमीचं. तो बिचारा खोटं बोलतच नव्हता.

पुढचा विचार आला आणि मला दरदरून घाम फुटला. साताऱ्याच्या पोरांना पट्टे कधी बांधले होते? मैदानी चाचणीच्या आधीच्या चौदा दिवसांत. त्यांच्या आयुष्यातल्या सगळ्यात वाईट पंधरवड्यात. त्या तीस जणांपैकी कुणाला माझ्यासारखं झालं असतं, तर त्याच्याही मोबाईलवर लिहून आलं असतं, सगळं निवांत.

त्याच दिवशी मी प्रसादला फोन करायला हवा होता. नाही केला. तीन आठवडे नाही केला. कारण चूक कशी सापडली असं त्यानं विचारलं असतं, आणि त्याला तर मी थायरॉईड सांगितलं होतं. तो बिचारा मला बरं वाटावं म्हणून रोज सकाळी तीस हिरव्या गोलांचा फोटो पाठवायचा. मी तो फोटो उघडायची आणि मोबाईल उशीखाली सारायची. ह्या सगळ्या आजारपणात मला कशाची लाज वाटत असेल, तर त्या तीन आठवड्यांची. छातीतल्या धडधडीची अजिबात नाही.

एकेक थांबा

बरं होण्यात नाट्य फार नसतं. गोळ्या घेतल्या, अजून घेते. दर आठवड्याला डॉक्टरबाईंशी बोलायचं. आणि गृहपाठ: एसटीत बसायचं. कारण त्या दिवसापासून मी बस बघितली तरी थरथरत होते. पहिल्या दिवशी नुसतं स्टँडवर उभं राहायचं. मग एक थांबा. मग कवठे एकंदपर्यंत जाऊन परत. धडधड आली तर येऊ द्यायची, उतरायचं नाही. ती वाढते, वाढते आणि मग तिचा तिलाच कंटाळा येतो. ज्यांना हे होतंय त्यांना एवढंच सांगते, की ती उतरते. दर वेळी उतरते.

तिसऱ्या दिवशी खिडकीतून मागं बघितलं तर बसच्या मागं अण्णा, मोटरसायकलवर. डोक्याला उपरणं गुंडाळून तोंड झाकलेलं, जणू मला ओळखू येणार नाहीत. कवठ्याला उतरून मी त्यांना गाठलं. "अण्णा, इकडं कुठं?"

"द्राक्षाचं औषध आनाय चाललोय."

"बागेची छाटणी झालीय का? कसलं औषध?"

"आगं, भाव इचारून ठेवावा म्हनलं."

डॉक्टरबाईंनी त्यांना समजावलं की असं मागून येऊ नका, तिला एकटीला जमलं पाहिजे. ते व्हय म्हणाले आणि पुढचे चार दिवस येत राहिले, जरा जास्त अंतर ठेवून.

दरम्यान इस्लामपूरचा निरोप आला. नकार. कारण? मुलीला थायरॉईड आहे असं कळलं म्हणे. आई डोक्याला हात लावून बसली. मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर, म्हणजे ओढणी, कोंबून हसले. मग बाहेर आले आणि त्याच दमात प्रसादला फोन लावला.

सगळं सांगितलं. एसटी, मिरज, बटण, पोरं. तो म्हणाला, "तू बरी आहेस ना आता?" हे त्यानं सगळ्यात आधी विचारलं, म्हणून तो माझा मित्र आहे. पट्ट्याचं नंतर. ते पट्टे कोरे करून पोरांच्या जरा निवांत दिवसांत पुन्हा शिकवायला हवे होते. "टेक्निकल अपडेट आहे म्हणून सांगू," तो म्हणाला. "तुझं कशाला काढायचं?"

घरी अण्णांचंही तेच. "मशीन बिगाडलं म्हन की. तुझं कशाला? एकदा तोंडातनं गेलं की गावभर हुतंय, पोरी. अजून तुझं लगीन व्हायचंय." मी चिडले, मोठ्यानं बोलले. अण्णाही बोलले. आई मधे पडली. त्या दिवशी घरात कुणी नीट जेवलं नाही. शेवटी मीच "टेक्निकल अपडेट" म्हणायला तयार झाले.

साताऱ्याला जायच्या सकाळी अण्णांनीच मला स्टँडवर सोडलं. बस लागली तेव्हा म्हणाले, "आज मागनं येत न्हाई." आणि पाठ फिरवून गेले, कारण डोळे भरलेले मला दिसायला नको होते.

मैदानावर

कराडच्या आसपास धडधड आली. बसून राहिले. गेली.

अकॅडमीत पोरं सकाळचा सराव संपवून मैदानात रांगा करून मांडी घालून बसली होती. सुभेदारसाहेब शेजारी उभे, गळ्यात शिट्टी. मी ठरल्याप्रमाणे म्हणाले, की एक टेक्निकल अपडेट आहे. पट्टे चौदा दिवस पुन्हा शिकवावे लागतील, आणि त्या दिवसांत चाचणी नको, ओरडणं नको.

"कशाला?" सुभेदारसाहेब म्हणाले. "समदी हिरवी हायत की. चालू हाय ते चांगलंच हाय. न्हाई, न्हाई मॅडम, राहू द्या."

मला तिथून निघता आलं असतं. त्यांनी नको म्हटलं, मी तरी काय करणार, असं प्रसादला सांगता आलं असतं. पण पहिल्या रांगेत एक मुलगी बसली होती, विशीची असेल. तिनं दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून ठेवले होते. ओले तळहात लोकांना दिसू नयेत म्हणून असं बसतात. मला माहीत आहे, मी दोन वर्षं मीटिंगमध्ये तशीच बसत होते. तिच्या मनगटावर पट्टा होता, आणि तिचाही गोल हिरवाच असणार होता.

मी म्हटलं, "अपडेट वगैरे काही नाही. माझी चूक झालीय. कशी झाली ते सांगते."

आणि सांगितलं. घाबरत, अडखळत, पण सगळं. एसटीत मला काय झालं, मोबाईलवर काय लिहून आलं होतं, मिरजेला कुठल्या डॉक्टरकडं जाते, कुठल्या आजाराची गोळी घेते. थायरॉईडचंही सांगितलं, तेव्हा दोन-चार पोरं हसली. बोलता बोलता आवाज कापत होता, तो तसाच कापू दिला. संपलं. मला वाटलं, झालं, आता गावभर.

सुभेदारसाहेब माझ्याकडं बघत होते. चेहरा कडक, तसाच. म्हणाले, "छातीत धडधड हुती, हाताला मुंग्या येत्यात, आन वाटतं आता आपुन गेलो. तसं?"

"हो, तसं."

"बाजारात हुतंय. गर्दीत. देवळातबी एकदा झालं."

तीस पोरं त्यांच्याकडं बघत होती.

"पेन्शनवर आल्यापास्नं हाय मला," ते म्हणाले. "सा वरसं. बायकोलाबी बोललो न्हाई."

त्यांनी गळ्यातली शिट्टी काढून खिशात घातली. मांड्यांखाली हात दाबून बसलेल्या त्या पोरीशेजारी जागा होती. तिथं ते गुडघ्यांवर हात टेकत खाली बसले, पोरांच्या रांगेत, मांडी घालून. पोरगी घाबरून सरकायला लागली, तर म्हणाले, "बस गं, बस." आणि मग माझ्याकडं वर बघून, "हां मॅडम. आता पयल्यापास्नं सांगा. काय करायचं असतं त्येला?"